सांगून गेलेली मोठीमाय

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा आमचा रविवारचा पालकवर्ग सुरू व्हायचा होता. सतरंज्या अंथरून झाल्या होत्या, काही आया लेकरांना घेऊन आल्याही होत्या. फोनवर चंदाबाई होत्या, मंदाताईंच्या शेजारीण आणि एसटी आगारातल्या सोबतीण. "ताई, सकाळी गेली मंदा. पोट्टी माह्यापाशी हाय," एवढंच बोलल्या. कर्करोग होता, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. मी वर्ग घेतला आणि मग निघाले.

मंदाताई कंडक्टर होत्या. दिग्रस-पुसद गाडीतले नेहमीचे लोक त्यांना आवाजावरून ओळखत. लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीची मुलगी, रुही, तीन वर्षांची असताना त्यांच्याकडे आली. बाप दारू पिऊन मारायचा, बायकोलाही आणि लेकीलाही. एक दिवस आई "बिस्किटं घेऊन येते" असं रुहीला सांगून घराबाहेर पडली, ती परतलीच नाही. शेजाऱ्यांनी मंदाताईंना बोलावून घेतलं. आईची थोरली बहीण, म्हणून रुही त्यांना मोठीमाय म्हणायची.

आमचा वर्ग अशाच लेकरांना वाढवणाऱ्यांसाठी आहे. फार लहानपणी ज्यांनी मार, उपासमार किंवा ताटातूट पाहिली, त्यांच्याशी घरात कसं वागावं हे आम्ही तिथे एकमेकांच्या अनुभवातून शिकतो. मंदाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "पोट्टी लई गुनाची हाय जी. रडत नाई, मांगत नाई, जिथं बसवलं तिथं बसते. पन मले भेव वाटते…" रुही त्यांच्यापासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. मंदाताईंचा आवाज चढला की तिचे खांदे वर जात आणि नजर एका जागी थांबे.

हे मी त्यांना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हळू बोलाले कसं शिकू, ताई? गाडीत मानसावर मानूस राह्यते. हळू बोललं तं कोन आयकन?" पण शिकल्या. ड्युटीवरून आल्यावर लगेच घरात जात नसत. चंदाबाईंकडे पाणी पीत, आवाज खाली येईपर्यंत ओट्यावर बसत. कधी जमे, कधी नाही. एकदा दूध सांडलं म्हणून ओरडल्या आणि रुही पलंगाखाली जाऊन बसली. मंदाताईंनी तिला ओढलं नाही, हाकही मारली नाही. पलंगाशेजारी फरशीवर आडव्या झाल्या आणि ती बाहेर येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. वर्गात हे सांगताना त्यांनी तक्रार केली ती फक्त कमरेची.

पुढे एका रविवारी त्या पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. आम्हाला वाटलं, बढती मिळाली असेल. "पोट्टी माह्यावर ओरडली! वरनाची वाटी फेकली, म्हने मी नाई खात, तूच खा!" नातवाला घेऊन येणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, "मंग पेढे कायले, बाई?" त्या म्हणाल्या, "आजपावेतो तिले वाटे, चिडली तं इथूनबी काढून देतीन. आता नाई वाटत तसं." आजोबांनी पेढा घेतला. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

आजार कळला तेव्हा रुही नऊ वर्षांची होती. मंदाताईंचा भाऊ राजूरला कोळसा खाणीत आहे. त्याचं म्हणणं, पोरीला काही सांगू नका, सुट्टीत म्हणून घेऊन जातो, मग ती तिकडेच रमेल. माणूस वाईट नव्हता, त्याला ते सोपं वाटत होतं. मंदाताई ऐकेनात. "तिची माय बिस्किटाचं सांगून गेली. मी तशी जानार नाई." सांगताना मी सोबत बसावं, एवढं त्यांनी मागितलं.

दुपारची वेळ होती. मंदाताई खाटेवर, रुही पायाशी. "रुही, माह्या बिमारीवर औषध चालून नाई राह्यलं. मी मरन. कवा, थे डाक्टरलेबी माईत नाई."

रुहीनं विचारलं, "मी तुले तरास देल्ला, म्हनून?"

"नाई. तुह्यानं काईच नाई झालं."

"मंग मी कुठं राहीन?"

"चंदामावशीपाशी. मी तिले इचारलं, थे हो म्हनते. तुही शाळा हेच राहीन."

रुही उठली. दारातल्या बादलीला लाथ मारली, पाणी ओट्यावर गेलं. मोठ्यानं म्हणाली, "नको मरू!" मंदाताईंनी तिला गप्प केलं नाही. म्हणाल्या, "मलेबी नाई मरा वाटत…" मग रुही येऊन त्यांच्या कुशीत शिरली. मी बाहेर येऊन बादली सरळ केली. पुढे बालकल्याण समितीसमोर भावानंही चंदाबाईंच्या नावाला होकार दिला.

मंदाताईंना जाऊन आता काही आठवडे झाले. परवा मी चंदाबाईंकडे गेले होते. रुही दारात बसून गणितं सोडवत होती. नीट खाते, अधूनमधून रडते, एकदा शाळेत भांडली, असं चंदाबाई म्हणाल्या. मी निघताना रुहीनं वही मिटली.

"ताई, परत कधी येता?"

"बघू, येईन मी."

"आमच्यात 'बघू' चालत नाई," ती म्हणाली. "मोठीमायनं बंद केलं हाय. दिवस सांगा."

मी गुरुवार सांगितला. तिनं मान हलवली आणि पुन्हा वही उघडली.