आलोच, येतो आणि या

माझ्या गल्ल्याशेजारी पत्र्याचा एक डबा असायचा, बेवारशी चाब्यांचा. कोणती चाबी कोणत्या कुलपाची, ते कोणालाच ठाऊक नाही. तरी एकही फेकवत नसे. किश्श्यांचं तसंच होतं. उपयोग एकाचाही नाही, डबा मात्र भरतच जातो. संध्याकाळी अमरावतीच्या आमच्या दुकानापुढच्या बाकावर मंडळी टेकली, की कोणी ना कोणी म्हणायचं, "काढा शेठ, एखादा कुलपाचा."

माझं दुकान लोखंडी सामानाचं. खिळे, बिजागऱ्या, विळे, बादल्या आणि कुलपं. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. त्यांनी शिकवलेला पहिला धडा असा, की कुलूप विकणाऱ्यानं ते उघडूनही द्यायचं असतं. चाबी हरवली की लोक थेट माझ्याकडे. "कुलूप तुमच्या इथलंच हाय. आता बोला."

बोलणार काय? मी श्रावण मिस्त्रीकडे माणूस धाडायचो.

श्रावण मिस्त्री वयानं माझ्याहून मोठा. चौकातल्या निंबाखाली पेटी मांडून बसे. हात असा, की भलंभलं कुलूप त्याच्या मांडीवर गेलं की शहाण्या पोरासारखं तोंड उघडे. दोष एकच. बोलावलं की यायचा नाही, आणि आल्याचे पैसे मात्र मागायचा.

तुम्ही म्हणाल, मग दुसरा चाबीवाला पाहावा. ते मला परवडण्यासारखं नव्हतं. माझ्या घरी अकोल्याच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनातून घेतलेली जुनी तिजोरी होती. चाबीविनाच मिळाली, म्हणून स्वस्त पडली. तिची चाबी श्रावणनं घडवली होती, आणि तीही एकच. त्या तिजोरीत आमच्या कुसुमचं लग्न ठेवलेलं होतं. म्हणजे, दिवाळीत जमेल तसा सोन्याचा एखादा डाग करून तिची आई आत ठेवत आली होती. त्यामुळे श्रावणशी माझं जरा वाजलं, की आतून हिचा आवाज यायचा, "त्यांच्याशी भांडू नका. तिजोरी त्यांच्या हातची आहे."

मी भांडत नसे हो. पण तुम्हीच ऐका.

*

आमच्या समोर बाबारावांचं कापडाचं दुकान. ऐन लग्नसराईत एका सकाळी त्यांच्या दाराचं कुलूप अडकलं. चाबी आत जाई, पण फिरेना. चांदूर बाजारहून बस्ता बांधायला आलेली मंडळी ओट्यावर ताटकळत बसलेली. माझे दिवाणजी निंबाखाली धावत गेले आणि परत येऊन म्हणाले, "आलोच म्हणते."

ऊन ओट्यावर आलं. बस्त्याची मंडळी शेजारच्या दुकानाकडे माना वळवायला लागली. तेव्हा बाबाराव माझ्या दुकानात शिरले, हातोडा उचलला, जाऊन कुलूप फोडलं, आणि हातोडा परत आणून जागेवर ठेवला. "दांडा ढिला हाय," म्हणाले. "नको."

दुपारी बस्त्याची गाठोडी मोटारीवर चढल्यानंतर श्रावण मिस्त्री पेटी घेऊन हजर. फुटलेलं कुलूप त्यानं तळहातावर घेऊन पाहिलं.

"मारून टाकलं बिचाऱ्याले."

मग तोच तळहात रिकामा करून बाबारावांपुढे धरला. "आल्याचे आठ आणे."

नवे पैसे सुरू झाले होते, पण भांडणं अजून आण्यांतच चालत. बाबाराव कडाडले, "आले केव्हा तुमी?"

"सकाळीच. तुमच्या माणसाले सांगतलं ना, आलोच म्हणून. येतो म्हटलं असतं तं गोष्ट अलग होती. येतो म्हंजे येनंही होते, नाहीही होत. आलो म्हंजे आलो. झालेली गोष्ट हाय ते."

बाबारावांनी चार आणे ओट्यावर टाकले.

"बाकीचे?"

"दिलेच," बाबाराव म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

*

हे दुखणं अमरावतीचंच होतं असं समजू नका. माझे मेहुणे विनायकराव अकोल्याला तेलाचे व्यापारी. तिथला एक चाबीवाला स्वतःला मास्टर म्हणवून घेई. घरावर पाटी रंगवलेली, 'केव्हाही बोलवा.'

विनायकरावांच्या गोदामाची चाबी हरवली. त्यांनी मास्टरकडे माणूस धाडला. तेवढ्यात चाबी कोटाच्या अस्तरात सापडली. सरळ माणूस, म्हणून त्यांनी मागोमाग दुसरा माणूस धाडून कळवलं, की आता येऊ नका. संध्याकाळी मास्टर दारात.

"दोन मजुऱ्या झाल्या, विनायकराव."

"अरे, तू तर आलाच नाहीस."

"निघालो होतो, त्याची एक. निघालेला थांबलो, त्याची एक. थांबाले काय कमी मेहनत लागते?"

"आणि आता आलास, त्याची?"

"हे तं पैसे मांगाले आलो. हे फुकट."

पुढे पुन्हा चाबी हरवली, तेव्हा विनायकराव निरोपाच्या भानगडीत न पडता स्वतःच गेले. पाहतात तर 'केव्हाही बोलवा' या पाटीखाली मास्टर ओट्यावर बसलेला आणि मागे दाराला कुलूप. बायको चाबी घेऊन बाजारात गेली होती.

"मग उघडून घे ना बाबा."

"माह्याच हातचं कुलूप हाय," मास्टर खालच्या आवाजात म्हणाला. "गल्लीसमोर तारेनं उघडलं तं उद्या कोण घेते?"

विनायकरावांनाही शेजारी टेकावं लागलं. अवजारं घरात होती.

*

आता माझं ऐका. आमच्या घरच्या कपाटाचं कुलूप बिघडलं. श्रावण मिस्त्री त्या दिवशी खरोखरच आला. काम केलं, चहा घेतला, पैसे घेतले, पेटी उचलली आणि म्हणाला, "येतो शेठ."

मी सवयीनं म्हणालो, "बरं, या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतोय, तर हा पेटीसकट दारात.

"काय हो मिस्त्री?"

"तुमीच म्हटलं ना, या."

"अहो, ते निरोपाचं या होतं."

"मले काय मालूम कोणतं या? हातचं काम सोडून आलो. आठ आणे."

हिनं पदर तोंडाला लावून आतून पैसे आणून दिले. श्रावणनं ते खिशात टाकले. "येतो शेठ."

आता सांगा, काय म्हणणार? 'या' म्हटलं की उद्या पुन्हा आठ आणे. तो उंबऱ्यावर तसाच उभा.

"येतो म्हटलं, शेठ."

माझं डोकं तापलेलंच होतं. मी म्हणालो, "जा."

हिचा पदर तोंडावरून खाली आला. घरातून निघालेल्या माणसाला आपल्याकडे कोणी जा म्हणत नाही. दारावरचा भिकारीसुद्धा 'पुढे या' ऐकून जातो. श्रावणचा चेहरा पार उतरला. त्यानं खिशातले आठ आणे काढले आणि उंबऱ्यावर ठेवले.

"जा म्हणता? मी काय मेलो का?" तो म्हणाला. "आता तुमच्या तोंडून या आयकल्याबिगर ह्या घरात पाय नाई ठेवत."

तो गेला. हिनं तिजोरीकडे फक्त एकदा पाहिलं.

*

मग काय, आमचे दिवस परक्या चाबीवाल्यांवर आले. नांदगाव खंडेश्वरकडचा एक जण सायकलवर फिरून धंदा करी. एकदा आम्ही दोघं गावाहून परतलो आणि घराची चाबी गाडीतच राहिली. स्टँडजवळच हा भेटला. मी त्याला गल्ली सांगितली, घर सांगितलं, दारातली तुळस सांगितली. तो सायकलवर पुढे गेला, आम्ही बोचकी घेऊन मागून चालत.

पोचलो तर हा घाम पुसत हसतोय. "उघडलं, शेठ."

"हे शेजाऱ्यांचं घर आहे."

शेजाऱ्यांच्याही दारात तुळस होती. शेजारी सहकुटुंब मोझरीला आश्रमात गेलेले.

"कुलूप तं उघडलं ना?" तो म्हणाला. "एक मजुरी याची द्या. तुमच्या घराची अलग."

मी म्हणालो, चुकीच्या घराचे पैसे कसले? तो म्हणाला, कष्ट तर बरोबर घराइतकेच झाले. शब्दानं शब्द वाढला आणि तो सायकलवर टांग टाकून निघून गेला. शेजाऱ्यांचं कुलूप आता लागत नव्हतं आणि आमचं उघडत नव्हतं. दुकानाच्या चाब्याही आमच्या घरातच, आणि लोकांचं उघडं घर टाकून जाणार कुठे? आम्ही राखणीला त्यांच्याच ओसरीवर बसलो. पुढच्या घरच्या बाईंनी आम्हाला तिथंच चहा आणून दिला.

आम्ही बशीत चहा ओतला आणि शेजारी पोराबाळांसह दारात उभे.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "या या, बसा."

*

कुसुमचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, पोस्टात नोकरीला. लग्न आमच्या दारी. पाहुण्यांच्या गर्दीत हरवायला नको, म्हणून हिनं तिजोरीची चाबी जपून ठेवली. इतकी जपून, की कुठे ठेवली ते तिलाच आठवेना. उद्या हळद, परवा लग्न, आणि पोरीचे सगळे डाग त्या लोखंडाच्या पोटात. व्याह्यांनी काही मागितलेलं नव्हतं. पण दिवाळीमागून दिवाळी एकेक मणी जोडलेली आई मांडवात पोरीचा मोकळा गळा कसा पाहणार?

विनायकराव लग्नाला येता येता मास्टरलाच मोटारीत घालून घेऊन आले. मास्टरनं तिजोरीला कान लावला, मान हलवली, चाबीच्या भोकात तार सारली आणि जोर केला. तार तुटून आतच राहिली.

"अंदरचं काम विलायती हाय," तो म्हणाला. "कापाच लागते." आणि पैसे सांगायला लागला. येण्याचे, मोटारीचे, वर तारेचेही.

"तारेचे?" विनायकराव म्हणाले. "तुझी तार आमच्या तिजोरीत राहिली. जागेचं भाडं काढ आधी."

भांडण मोटारस्टँडपर्यंत गेलं. ही घरात पुन्हा चाबी धुंडाळायला लागली. कुसुम तेवढी माझ्याजवळ आली.

"बाबा, एकच तर शब्द आहे."

मी टोपी घातली आणि निंबाखाली गेलो. श्रावण कानस चालवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"मिस्त्री, तिजोरी अडली."

"आयकलं. अकोल्याहून डाक्तर आला होता म्हने."

"कुसुमचे डाग आत आहेत."

कानस चालूच.

"या," मी म्हणालो.

कानस थांबली. "कोणतं या? निरोपाचं का बोलावण्याचं?"

"बोलावण्याचं."

"आलोच."

ते ऐकून मी सरळ त्याच्या पेटीवर बसकण मारली. "तुम्ही उठत नाही तोवर मी इथून हलत नाही."

"अवजारं त्याच पेटीत हायेत, शेठ," श्रावण म्हणाला. "तुमी उठल्याबिगर मी उठू कसा?"

आम्ही दोघं घरी पोचलो, तर ही दारातच उभी, हात पिवळाधमक. चाबी हळदीच्या डब्यात सापडली होती.

सगळे श्रावणकडे पाहायला लागले. माझा हात आपोआप खिशात गेला, आल्याचे आठ आणे काढायला. तो म्हणाला, "थांबा. लावून तं पाहा."

चाबी आत जाईना. मास्टरची तार आडवी बसलेली. श्रावण तिजोरीपुढे मांडी घालून बसला आणि चिमटा आत घालून बराच वेळ डोळे मिटून राहिला. मग तारेचा तुकडा बाहेर आला आणि चाबी वळली. हिनं आतले डाग एकेक करून ओंजळीत घेतले, मोजलेसुद्धा नाहीत.

श्रावणनं तो तुकडा विनायकरावांच्या हातावर ठेवला. "हे अकोल्याले पोचवा. भाडं चढून राहिलं."

"आल्याचे किती द्यायचे?" मी विचारलं.

"आज पैसे नाई. परवा जेवाले येतो."

हिचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"या," मी म्हणालो. स्पष्ट, सगळ्यांदेखत.

तर तो दुसऱ्याच दिवशी हळदीला आला. लग्नाला आला. दुपारच्या पंगतीला आला आणि संध्याकाळच्या चहालाही आला. प्रत्येक वेळी मांडवाच्या दारातून मला ऐकवायचा, "तुमीच म्हटलं."

*

संध्याकाळी अकोल्याची मोटार दारात लागली. पाहुणे चढले, ट्रंका चढल्या. कुसुम आईच्या मिठीतून सुटली आणि माझ्यापुढे वाकली. गळ्यातले डाग तिनं एका हातानं धरून ठेवले होते.

"येते, बाबा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 'ये' तेवढं म्हणायचं होतं. जावईबापू मोटारीच्या पायरीवर थांबलेले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. कुसुम तिथंच उभी.

"येते म्हटलं, बाबा."

सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. गर्दीतून श्रावण मिस्त्री पुढे आला आणि माझ्या कानाशी लागला.

"म्हना शेठ," तो हळूच म्हणाला. "याचे पैसे नाई लागत."