शकूताईचा गाल आणि कर्जतची सकाळ

"कर्जतला येशील का गं माझ्यासंगं?" खालापूरजवळच्या कुंभिवलीहून शकूताईचा, माझ्या मामेबहिणीचा फोन आला, तेव्हा मला आधी डोळ्यांपुढे पिवळी भातशेतं दिसली. कुठलं काय! बाईसाहेबांना गालात फिलर, म्हणजे खड्डा बुजवणाऱ्या जेलचं इंजेक्शन, भरून घ्यायचं होतं. स्कूटरवरून पडल्यापासून डाव्या गालावर खड्डा आहे. आणि दिसतं तेही डाव्याच डोळ्याने, उजवा लहानपणीच गेलेला. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर नजर जाऊ शकते, हे वाचलं आणि तिला फोनवर चांगलंच झापलं. ऐकेल तर शपथ! शेवटी निघाले.

पुण्याहून पहाटे निघा, एक्स्प्रेसवेने खालापूरला उतरा, टोलला गर्दी लागत नाही. घरी ताईने गरम घावन खाऊ घातले आणि आम्ही चौक गावावरून कर्जतकडे वळलो. शेतांवर धुकं असं पसरलेलं की डोंगरांचे पायथेच दिसेनात, नुसती शिखरं तरंगत होती. मी गाडी मुद्दाम हळू चालवत होते. पोचूच नये असं वाटत होतं.

कर्जतच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण, शांत. तिने ताईच्या गालावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पडद्यावर लाल धागा लुकलुकायला लागला.

"ही धमनी जबड्यावरून चढते, नाकाशेजारून डोळ्याकडे जाते," डॉक्टर म्हणाली. "पण माणसागणिक तिची वाट वेगळी. तुमची, मावशी, खड्ड्याच्या कडेनंच चाललीय." आणि पेनने तिने ती गालावर आखली.

मी बघतच राहिले. इतकी वर्षं ओळखीचा चेहरा, आणि आत ही नदी!

"कडेला मी भरणार नाही," डॉक्टरने सांगून टाकलं.

"अवो, थोडं तरी!"

"थेंबभरही नाही."

बाकीच्या जागी बोथट टोकाची बारीक नळी घालून ती थेंब थेंब भरत गेली. फिलर विरघळवायचं औषध हाताशी होतं. मधेच तिने विचारलं, "मावशी, नीट दिसतंय ना?"

"नाय."

डॉक्टरचा हात जागीच थांबला.

"मावशी, डोळे उघडा बरं."

"भीतीनं मिटलेले ओ... हां, दिसतंय. ही रडतेय ते पन दिसतंय."

मेली! आधी शिव्या घातल्या, मग तिचा हात धरून बसले.

परतताना वाटेत चहाला थांबलो. एकच डोळा असताना ही हौस कशाला, असं मी विचारलंच.

"मला दिसतं गं समदं," ती म्हणाली. "मानसं माझ्याशी बोलताना दुसरीकडं बघत्यात, ते पन दिसतं."

चहा निवून गेला.

पुण्यात आले तरी ते धुकं मनातून जात नव्हतं. कर्जतला जाणार असाल तर ती सकाळ चुकवू नका. आणि चेहऱ्यात काही भरून घेणार असाल, तर आत काय वाहतंय ते आधी बघणाऱ्या माणसाकडेच जा.

सूज उतरल्यावर ताईने व्हिडिओ कॉल केला. कडेचा खड्डा तसाच आहे. ती फोन गालाजवळ नेऊन म्हणाली, "बघ की."

मी बघितलं. नजर न हलवता, ती लाजून हसेपर्यंत.