कारभारीभाऊंच्या पाठीवरचा मच्छिंद्र

परतूरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर सोमेश्वरचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. टेबलाच्या एका टोकाला गावाचे कपडे, तर दुसऱ्या टोकाला तांब्याचे पत्रे, वायरी आणि तांबं खाणाऱ्या तपकिरी पाण्याचा डबा. या माणसाला सर्किटचे बोर्ड घरी बनवायचा भारी नाद. टाकी भरली की बोंबलणारे बोर्ड तो बनवायचा, आणि त्यातले निम्मे टाकी रिकामी असतानाच बोंबलायचे.

त्याची रीत साधी होती. सर्किटची नक्षी झेरॉक्सवाल्याकडून गुळगुळीत कागदावर उलटी छापून आणायची. कागद पत्र्यावर पालथा ठेवायचा, वर कापड टाकायचं आणि तापलेली इस्त्री जोर लावून दाबायची. छपाईची भुकटी, म्हणजे टोनर, वितळून तांब्याला सुलट चिकटते. मग कागद भिजवून काढायचा आणि पत्रा त्या तपकिरी पाण्यात सोडायचा. उघडं तांबं विरघळतं, टोनरखालचं तेवढं राहतं.

आता वर टाकायचं कापड कुठलं? इथं सोमेश्वरचं डोकं चालायचं. तो सरळ गिऱ्हाईकाचा कपडा घ्यायचा. बोर्डही झाला आणि कपड्याची इस्त्रीही झाली! या हुशारीपायी एका गुरुजींच्या पायजम्यावर डाग पडला, तेव्हा त्याची बायको गिरिजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "आता एक जरी गिऱ्हाईक बोंबलत आलं, तर हा समदा पसारा भंगारवाल्याला देऊन टाकीन." गिरिजाबाई बोलली की करते. सोमेश्वरला जेवण गोड लागेना.

त्यात वॉर्डाची निवडणूक आली. कारभारीभाऊ आणि मच्छिंद्र समोरासमोर उभे. मच्छिंद्रची पत्रकं काय गुळगुळीत! एका बाजूला त्याचा रंगीत चेहरा, खाली 'आपला माणूस मच्छिंद्र', आणि मागची बाजू कोरी. असला कागद पाहून सोमेश्वरच्या तोंडाला पाणी सुटलं. कोऱ्या बाजूवर त्यानं नक्षी छापून आणली, पत्र्यावर ठेवली, आणि वरून कारभारीभाऊंचा पांढराशुभ्र नेहरू शर्ट अंथरून इस्त्री दाबली. शर्टाची घडी घातली, पाठ खाली ठेवून. भाऊंचा माणूस आला आणि शर्ट घेऊन गेला.

सोमेश्वरनं कागद चिकटलेला पत्रा साध्या पाण्यात टाकला. कागद सोलताना वरची बाजू पाहतो, तर मच्छिंद्र गायब. डोळे, मिशा, हसू, काहीच नाही. पत्रकाची रंगीत छपाईही टोनरचीच आहे हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. चेहरा पत्र्याकडं गेला नाही, म्हणजे वरच्या कापडाकडं गेला.

तोवर कारभारीभाऊ प्रचाराला निघाले होते. पुढून लोक हात जोडायचे, मागून तोंडात पदर नि रुमाल कोंबायचे. लोक आपल्यावर एवढे खूश आहेत हे पाहून भाऊ आणखी जोरात हात हलवायचे. संध्याकाळी घरी त्यांच्या बायकोनं त्यांना आरशापुढं पाठमोरं उभं केलं. शर्टावर उलटी उमटलेली अक्षरं आरशात एकदम सुलट दिसली: 'आपला माणूस मच्छिंद्र'.

भाऊ दुकानात आले ते शर्ट हातात धरूनच. "हे काय करून राह्यला रे तू?"

सोमेश्वरनं सगळं सांगितलं. दारात गिरिजाबाई ऐकत उभी होती. भाऊंचा आवाज हळूहळू खाली आला. "मंग मच्छिंद्रचे कपडे बी इथंच येत्यात की. उद्याचा त्याचा शर्ट कुठाय? माझा फोटो घे. त्याच्या पाठीवर बराबर बसव, म्हंजे मी बिलकुल बोभाटा करत न्हाई."

सुटका अशी चालत दारात आली होती. सोमेश्वरनं बोर्डांकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं. "न्हाई भाऊ. तुमच्या बारीला चुकून झाल्तं. मुद्दाम न्हाई करणार."

भाऊ आपल्या घरचे सगळे कपडे उचलून तणतणत निघून गेले. शर्ट मात्र टेबलावर फेकून गेले.

गिरिजाबाई आत गेली. पोतं आणायलाच गेली, सोमेश्वरला खात्री होती. त्यानं एक एक बोर्ड हातात घेऊन पाहिला. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

ती आली. हातात पोतं नव्हतं, उशीचा पांढरा अभ्रा होता आणि बियाण्याच्या दुकानातलं झेंडूच्या फुलांचं पत्रक होतं. शर्टावरच्या मच्छिंद्रकडं बघून तिला हसू आवरत नव्हतं.

"हे झेंडू ह्या अभ्र्यावर येतील का?"

सोमेश्वरनं डोळे पुसले, कागद उजेडात धरला आणि गंभीरपणे म्हणाला, "येतील. पण उलटे येतील."

"झेंडूला काय उलटं आन् काय सुलटं?" गिरिजाबाई म्हणाली. "तापव जल्दी इस्त्री."