खिम्याची परात

मालकाने खिम्याची परात माझ्या पायांपाशी उपडी केली. रविवारची गर्दी होती. सगळे बघत होते.

माझी चूक एवढीच, की परात मी आणली. देवळाली कॅम्पातल्या त्या मटणाच्या दुकानात मी मागच्या गल्लीत बसून वजडी धुवायची, मुंड्या-पाय भाजायची. पुढे यायची मनाई होती. त्या दिवशी माणूस कमी होतं म्हणून मालकानेच हाक मारली. समोर इंदिरानगरहून गाडीने येणारी एक बाई उभी होती. नेहमीचं गिऱ्हाईक. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मालकाकडे.

"ही सुरगाण्याकडची आदिवासी ना? हिचा हात लागलेलं आम्ही खायचं?"

मालक हसला. परात उपडी केली आणि मला म्हणाला, "भर आता, घरी ने. तुम्हाला चालतंय खाली पडलेलं."

मी खाली बसले. दोन्ही हातांनी खिमा गोळा केला. त्यात माती होती, केस होते. घरी नेला, तीन पाण्यांनी धुतला, शिजवला आणि खाल्ला. हे सांगायला आजही जड जातं. भूक होती. आणि तो चांगला लागला. त्या चवीची लाज मला त्या बाईच्या बोलण्यापेक्षा जास्त जाळत राहिली.

तेव्हा मी वीस वर्षांची. आम्ही द्राक्षबागेच्या कामाला आलो होतो, तिथून नवरा दुसरीला घेऊन गुजरातकडे निघून गेला. गावी परत जाऊन काय करणार? नागली, भात, आणि पुन्हा जीपमध्ये कोंबून कामाला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातल्या म्हाताऱ्या कापणाऱ्याला, चाचाला, म्हणाले, "मला कापायला शिकवा."

"औरत का काम नहीं ये."

तीन दिवस तेच विचारलं. चौथ्या दिवशी त्याने बोकडाची मान माझ्यापुढे टाकली. "काट."

चाचा प्रेमळ वगैरे नव्हता. चुकलं की सुरीच्या मुठीने बोटांवर मारायचा. "हड्डी से लड मत. जोड ढूंढ." सत्तूर नेमका बसायला वर्ष गेलं. डाव्या हाताच्या एका बोटाचं टोकही गेलं. मालक एवढंच म्हणाला, "रक्त ठोकळ्यावर सांडू नको."

मग एक दिवस मी अख्खी मांडी सोडवली आणि हाड स्वच्छ, पांढरं निघालं. चाचाने ते उचलून पाहिलं. स्वतःची जुनी सुरी माझ्याकडे सरकवली. मला काहीतरी येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढची सहा वर्षं दुकानातलं निम्मं मटण मी कापलं. पडद्यामागे बसून. पुढे मालकाचा पुतण्या इस्त्रीच्या शर्टात उभा. लोक त्याला म्हणायचे, "तुमच्यासारखे पीस कुठं मिळत नाहीत." ती इंदिरानगरची बाईसुद्धा. तो मान डोलवायचा.

मग त्याच बाईची ऑर्डर आली. मुलाच्या लग्नानंतरचं जेवण, दोन बोकड बंगल्यावर कापून द्यायचे. पुतण्याला मांडी सोडवता येत नव्हती. मालकाने मला पाठवलं. "मागच्या अंगणात बस. कोणाच्या नजरेला पडू नको."

एक बोकड झाला. हात धुवायला उठले, तर बाई दारातून म्हणाली, "नळाला शिवू नको. मोलकरीण वरून पाणी ओतेल."

तिने मला ओळखलं नव्हतं. मी ओळखलं होतं.

"मी कापलेलं तुमच्या पातेल्यात चालतंय ना?"

"जास्त बोलू नको. काम कर."

मी सुरी पुसली. सत्तूर फडक्यात गुंडाळला. म्हणाले, "दुसरा बोकड तुम्ही कापा, बाई." आणि पुढच्या अंगणातल्या मांडवातून, तशाच रक्ताच्या हातांनी, मोठ्या फाटकाने बाहेर पडले.

मालकाने माझ्या थोबाडीत मारली आणि कामावरून काढलं. चाचा म्हणाला, "माफी मांग ले, बेटी. पेट का सवाल है." मी मागितली नाही. कॅम्पात मला कोणी उभं केलं नाही. दोन वर्षं मळेवाल्यांकडे वांगी खुडली. सुरीला मात्र दर आठवड्याला धार लावत राहिले.

मग शहराच्या कडेला पत्र्याचं दुकान टाकलं. परवान्याच्या कारकुनाने विचारलं, "कापणार कोण?"

"मी."

"तसं नाही. माणूस कोण आहे?"

"मीच."

तेवढं कागदावर लिहून घ्यायला चार खेपा लागल्या.

आता दोन बाया माझ्याकडे शिकतात. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने त्यातल्या एकीला विचारलं, "तुझी जात कंची?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, पैसे परत दिले. "तुम्हाला इथं मटण मिळणार नाय. उद्याबी नाय." तो शिव्या देत गेला. त्याच्यामागे अजून चार जण जातील. जाऊ देत. दुकान बसलं तरी बसू दे. माझ्या ठोकळ्यापाशी उभं राहून जात विचारणाऱ्याला मी एक बोटीसुद्धा देणार नाही.