पडेगावच्या म्हशी आणि क्रांती चौकातलं चीज

ती घटना आजही आठवली की माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, घरचे म्हणतात जुनं उगाळू नका. पण या प्रकरणात मला ज्यांचा ज्यांचा राग येतो, त्यांत मीही आहे. म्हणून लिहितो.

तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत होतो, तेवढ्यात लासूर स्टेशनचे एक अडत व्यापारी अर्ज घेऊन आले. त्यांची मुलगी पडेगावला दिली होती. आठवा महिना लागला आणि तिला ताप भरला. बाळ पोटातच दगावलं. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं की संसर्ग अन्नातून झाला, बहुधा कच्च्या दुधातून. आणि सासूच्या दारात दोन म्हशी.

"त्या म्हातारीनंच घातलं साहेब माझ्या लेकीच्या पोटात," ते म्हणाले. "तिला आत टाका. नायतर पोरगी मी परत धाडीत नाय."

मला ते लगेच पटलं. सासू म्हटलं की आम्हा पोलिसांचा निम्मा तपास खुर्चीतच होतो.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला अंमलदाराला घेऊन मी पडेगावला गेलो. अंगणातल्या बाजेवर बसवून सासूबाईंना दीड तास तेच तेच विचारलं. कुंपणापलीकडे सगळी आळी जमली होती. बाई साठीच्या, पण आवाज एकदाही चढला नाही.

"दूध उतू यीस्तोवर म्या चुलीपासून हालत नाय साहेब. सुनंला तर पहिल्या दिसापासून तापीवल्याबिगर थेंब दिला नाय."

"मग बाळ गेलं कसं?"

"त्येच तर मला कळंना."

हे उत्तर मला साळसूद वाटलं. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकरवी दुधाचे नमुने घेतले आणि सीलबंद बाटल्या आळीच्या देखत गाडीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं रतीबाचं दूध कुणी घेतलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती मी स्वतःच्या हातानं उभी केली.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. बोलणारी बाई घाबरलेली होती. "साहेब, म्हशीवाल्या मावशीला कशाला छळता? क्रांती चौकाजवळच्या त्या फॉरेन मालाच्या दुकानातला फ्रीज बघा. मी तिथं कामाला होते. पाकिटावर स्टिकर लावायचं काम माझंच होतं." ती पडेगावचीच होती. माझ्या बाटल्या तिनंही पाहिल्या होत्या.

मग मी लासूर स्टेशनला माहेरी जाऊन त्या मुलीला भेटलो. जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा, तो तेव्हा विचारला. डोहाळजेवणात काय काय खाल्लं?

"चीज व्हतं," ती म्हणाली. "मोबाइलवर बघून मला लई खावंसं वाटलं. डोहाळा राहिला तर बाळाचा कान फुटतो म्हणत्यात आत्या. ह्यांना घेऊन त्या स्वतः दुकानात गेल्या. तिथलं सगळ्यात महाग आणलं."

आत्या म्हणजे तिची सासू. बापासमोर ती सासूबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही.

अन्न सुरक्षा अधिकारी आणि दोन पंच घेऊन आम्ही दुकानात शिरलो. दुकानदार निर्धास्त होता. प्रत्येक पाकिटावर छापील स्टिकर होता, जंतू मारलेल्या दुधाचं चीज म्हणून. बाहेरून येणारं चीज तसल्याच दुधाचं असावं असा नियम आहे, आणि कागदोपत्री त्याचा माल नियमात बसत होता. आम्ही पाकिटं काउंटरवर मांडून पंचनामा लिहायला घेतला. दिवस मे महिन्याचे. फ्रीजमधली गार पाकिटं बाहेरच्या गरमीत घामेजली आणि बघता बघता एकेका स्टिकरचा कोपरा सुटू लागला. खाली परदेशी अक्षरं होती.

पंचांपैकी एक वेरूळला फ्रेंच पाहुण्यांना फिरवणारे बुजुर्ग गाइड होते. त्यांनी चष्मा पुसला आणि पाकीट डोळ्यांजवळ धरलं. "साहब, इसमें तो साफ लिखेला है. कच्चे दूध का."

ठाण्यात आणल्यावर दुकानदार मलाच शिकवू लागला. "तिकडं लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच खातात. आपला नियमच खुळा आहे साहेब. म्हणून स्टिकर लावावा लागतो."

"त्या बाईंनी तुला काही विचारलं होतं?"

"गरोदर बाईला चालतं का, असं विचारलं होतं."

"तू काय सांगितलंस?"

"फॉरेनचा माल आहे मावशी, तिकडं सगळं उकळूनच येतं, म्हणालो. आता गिऱ्हाईक काय परत पाठवायचं?"

मी उठून बाहेर गेलो. आत थांबलो असतो तर हात उठला असता, आणि त्याच्या वकिलाचं काम सोपं झालं असतं.

पुढे अहवाल आले. म्हशींचं दूध स्वच्छ होतं, चीजमध्ये मुलीच्या रक्तात सापडलेला तोच जंतू निघाला. खटला उभा राहिला, तारखा पडत गेल्या. शेवटी दंड झाला. तो त्यानं भरला, आणि पाटी बदलून दुकान पुन्हा उघडलं.

माझा भाचा पुण्यात हॉटेल चालवतो. तो म्हणतो, "मामा, कच्च्या दुधाच्या चीजची चव वेगळीच असते. बंदी कशाला? पाकिटावर खरं लिहा आणि लोकांना ठरवू द्या." त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण मी त्याला विचारतो, खरं लिहिलं जाईल याची हमी कोण देणार? जाणकार आपली काळजी घेईल. नियम लागतो तो जिला ती अक्षरं वाचता येत नाहीत, जी विचारते आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवते, तिच्यासाठी. तो नियम खुळा म्हणणाऱ्याला मी त्या अंगणात नेऊन बसवीन.

अहवाल आल्यावर मी मुलीच्या वडिलांना घेऊन पडेगावला गेलो. त्यांनी सासूबाईंच्या पायाला हात लावला. मुलगी आठवड्याभरात सासरी आली. मला वाटलं, बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तुमच्या दुधात काही नव्हतं, दोष दुकानदाराचा, असं मी त्यांना दोनदा सांगितलं.

त्या म्हणाल्या, "व्हय साहेब. पर घास म्याच भरवला."

मी टोपी डोक्यावर चढवली आणि गाडीकडे निघालो. निदान माफी तरी मागायला हवी होती. खात्यात तशी पद्धत नसते, असं म्हणून मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आलो. खरं म्हणजे कुंपणापलीकडे तेव्हाही लोक उभे होते, आणि मला लाज वाटली.