रानतुळशीच्या मंजिऱ्या कोण खुडतं?

दोन वर्षं आमच्या परसातल्या लाल भोपळ्याच्या वेलाला नुसती फुलं आली. बारकी फळं धरायची आणि पिवळी पडून गळायची. माहेरी औंढ्याला गेले तेव्हा आई म्हणाली, "तुझ्याकडं मधमाशाच येत नसतील. रानतुळस लाव."

तिनं दिलेली फांदी मी नळाजवळ खोचली. भांड्यांच्या पाण्यावरच त्या फांदीनं आमच्या वसमतचा उन्हाळा काढला आणि पावसाळ्यात ती कमरेइतकी झाली. मंजिऱ्या आल्या, पाठोपाठ मधमाशा आल्या.

मग एका सकाळी मंजिऱ्या गायब. शेंडे नखानं खुडलेले. आठवड्यानं पुन्हा तेच.

माझा संशय शेजारच्या मावशीवर गेला. मधली भिंत कमरेएवढी, आणि ती शेळ्या सोडायला पहाटेच उठायची. एकदा म्हणाली होती, "वास लई झ्याक हाय गं." तिच्या सुनेला खोकला होता. म्हणजे काढ्यालाच नेत असणार! तिच्या चुलीचा धूर आला तरी मी वास घेऊन बघायची. तिच्याशी बोलणं मी जवळजवळ तोडलंच.

शेवटी तीन दिवस पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी चोर दिसला. माझाच नवरा. हाताला फडकं गुंडाळून भराभर मंजिऱ्या खुडत होता.

"हे काय करून राहिलात तुमी?"

तो दचकला. "आई तुळशीच्या खुडायची. झाड टिकतं."

"मग हाताला फडकं काहून?"

त्यानं हाताचं फडकं सोडलं. मग म्हणाला, लहानपणी शेतात मोहळ उठलं होतं. तोंड एवढं सुजलं की दोन दिवस डोळे उघडले नव्हते. नळावर तोंड धुताना माशांचा आवाज आला की अजून तोंड अर्धंच धुऊन आत पळतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, हे मला कधी सांगितलं नव्हतं. आधी राग आला, मग त्याच्याकडं बघवेना.

त्याच दिवशी ती रानतुळस मुळासकट काढून आम्ही दोघांनी वेलापाशी, नळापासून लांब लावली. आठवडाभर मान टाकून होती, मग जगली. त्या साली तीन भोपळे धरले.

मावशीकडं मात्र मी मान खाली घालूनच गेले. सगळं सांगितलं.

"मला ठाव होतं," ती म्हणाली. "खुडताना दिसायचा की भिंतीवरून."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"तू इचारलंस कुठं? नुसती टकमका बघत होतीस."