व्हेनिसला मारलेली हाक

आमच्या सोलापुरात रस्त्यावर पाणी दिसले की माणसे म्हणतात, नळ फुटला, घागरी आणा. त्यामुळे व्हेनिसच्या स्टेशनातून बाहेर येऊन पायऱ्यांवर उभी राहिले आणि समोर टांग्यांच्या अड्ड्याऐवजी हिरवे पाणी हेलकावताना पाहिले, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा घागरच आली. रस्ता म्हणून नाहीच. घरे पाण्यात पाय सोडून बसलेली, आणि दारापुढे बैलगाड्या सोडाव्यात तशा नावा बांधलेल्या.

"अहो, एवढं पाणी, आणि म्हणे सगळं खारट," मी म्हटले.

"मग आपलं सोलापूर काय वाईट आहे?" हे म्हणाले आणि गाठोडे खांद्यावर टाकून चालू लागले.

आम्ही इथवर पोचलो कसे, ते आधी सांगते. सूत रंगवण्याची नवी यंत्रे पाहायला ह्यांना त्यांच्या गिरणीने जर्मनीला पाठवले. भाडे मिळाले एका माणसाचे, पण वरच्या वर्गाचे. ह्यांनी ते मोडून खालच्या वर्गाची दोन तिकिटे काढली आणि मला म्हणाले, "चल, एकट्यानं काय बघायचं?" तेथले काम संपले. परतीची आगबोट व्हेनिसहून, आम्ही तिथे पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटायची होती. हौसेला मोल नसते म्हणतात. आमच्याजवळ द्यायला मोलच नव्हते, तेव्हा ती म्हण आम्हाला फारच सोयीची होती.

स्टेशनामागच्या एका बोळात एका विधवा बाईच्या घरी माडीवरची खोली मिळाली. माडी म्हणजे चौथी. बाई ऐसपैस, हसतमुख आणि अखंड बोलणारी. इकडची भाषा कानाला मोठी गोड लागते, प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वर. डोळे मिटून ऐकले तर आमच्या शेजारच्या तेलुगू विणकरांच्या बायका नळावर नंबरासाठी भांडताहेत असे वाटावे. पण या सिन्योरेने (बाईने) माझे गाठोडे पाहिले आणि "सी, सी!" असे दोनदा म्हणाली. माझे डोके फिरले. गाठोडे मी आदल्याच दिवशी धुतले होते.

"अगं, सी म्हणजे हो," हे हसत म्हणाले. जर्मनीतल्या कारखान्यात एक इटालियन रंगारी ह्यांच्या जोडीला होता, त्याच्याकडून दहावीस शब्द उचललेले.

मग हे हातपाय धुवायला खाली गेले आणि मला तहान लागली. खूण करून मी म्हटले, "पाणी." बाई "सी, सी" करत खाली गेली आणि धापा टाकत वर आली ती पाव घेऊन. पुन्हा म्हटले, "पाणी, पाणी!" तिने आणखी एक पाव आणला. तिकडे पावाला पाने म्हणतात, हे मला काय ठाऊक? तिसऱ्यांदा ती वळली तेव्हा मी हात जोडून ओरडले, "बस्स, बस्स!" आणि काय आश्चर्य, ते मात्र तिला कळले. पुरे याला त्यांचाही शब्द बास्ता. असे पहिल्याच तासात तीन शब्द आले आणि संध्याकाळचे जेवणही झाले.

पावाबरोबर डब्याच्या तळाशी उरलेली शेंगांची चटणी काढली. थोडी खवट झाली होती. पण सिन्योरेने बोटाने चाटून पाहिली आणि डोळ्यांतून पाणी गाळत आणखी मागितली. बदल्यात तिने पोलेंता (मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा) दिला. थंड झाला की तो दोऱ्याने कापतात. आमच्याकडे शिळ्या भाकरीचे करतात, तितके प्रकार हे लोक त्या पिवळ्या सांजाचे करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहर पाहायला निघालो. सामान सिन्योरेकडे ठेवले, दुपारी ते उचलून बंदरावर जायचे असे ठरले. बिनपैशाच्या माणसाला व्हेनिस फार चांगले शहर आहे. पाहण्यासारखे बहुतेक सगळे उघड्यावर आहे. मार्क नावाच्या संताच्या चौकात गेलो. एवढा मोठा फरसबंद चौक, आणि एका टोकाला पाच घुमटांचे देऊळ. आत छतावर सोनेरी काचतुकड्यांची चित्रे आहेत. मी पदर डोक्यावरून घेतलेलाच होता, म्हणून दारावरचा माणूस खूष झाला. ह्यांना मात्र टोपी काढायला लावली आणि जोडे घालून आत जा म्हटले. "देव तोच, रीत नेमकी उलटी," हे पुटपुटले.

चौकात कॉफीची दुकाने आहेत आणि त्यांच्यापुढे वाजंत्री वाजते. खुर्चीवर बसले तर पैसे, खांबाला टेकून ऐकले तर नाही. आम्ही खांबाला टेकून तीन गाणी ऐकली. शेजारच्या मनोऱ्यावर वर जायला तिकीट होते, म्हणून तो खालूनच मान दुखेपर्यंत पाहिला. घड्याळाच्या बुरुजावर दोन काळे धातूचे गडी हातात घण घेऊन तासाला टोले देतात, तेही फुकट. काळ्या सदऱ्यांतली काही पोरे ताठ पावलांनी चौकातून गेली, तेव्हा कबुतरे उडाली आणि लोक उगाच गप्प झाले. ती गेल्यावर सगळ्यांच्या नजरा पुन्हा माझ्या नऊवारीकडे वळल्या. आम्ही व्हेनिस पाहत होतो आणि व्हेनिस माझे लुगडे पाहत होते.

गोंडोल्यात (तिथल्या लांबट काळ्या नावेत) बसायची मला फार हौस. नावाड्याने दर सांगितला तेव्हा ह्यांनी असा चेहरा केला की नावाड्यालाच वाईट वाटले. त्यानेच बोट दाखवून वाट सांगितली. मोठ्या कालव्याला पूल थोडे, म्हणून ठिकठिकाणी त्राघेत्तो असतो. त्राघेत्तो म्हणजे आपल्याकडे नदीवर असते ती तर. नाव तशीच, नावाडी तसाच, फक्त या काठावरून त्या काठावर सोडायचे आणि एक तांब्याचे नाणे घ्यायचे. उभ्याने जायचे एवढेच. आम्ही पलीकडे गेलो, लगेच अलीकडे आलो, पुन्हा पलीकडे गेलो. हे नावेचा काठ घट्ट धरून ओणवे उभे होते, कारण ह्यांना पोहता येत नाही. पोहायला शिकणार तरी कुठे, आमच्या विहिरीच्या तळाला?

पण सगळ्यात गंमत झाली ती हाकेची. कालव्याच्या वळणावर समोरून दुसरी नाव आली तर धडक होऊ नये म्हणून नावाडी दुरूनच आरोळी ठोकतो, "आओऽऽ!" ती ऐकायला हुबेहूब "अहो!" अशी येते. पहिल्यांदा हे वळले आणि म्हणाले, "काय गं?"

"मी कुठं हाक मारली?"

दहा पावलांवर पुन्हा "आओ!", पुन्हा ह्यांचे "काय गं?" बोळाबोळांतून, पुलाखालून, भिंतींच्या पलीकडून कोणी ना कोणी ह्यांना बायकोसारखे बोलावतच होते. शेवटी हे वैतागले. "आता कुणीही अहो म्हणू दे, मी मान वळवणार नाही," असे जाहीर करून टाकले. मला हसू आवरेना.

आमच्यात नवरा चार पावले पुढे चालतो आणि बायको मागे. सोलापुरात हे खपून जाते, कारण रस्ता सरळ आहे आणि समोरचा माणूस फर्लांगभर दिसतो. व्हेनिसात चार पावलांत दोन वळणे येतात. मोठ्या कालव्यावरच्या रियाल्तो पुलामागे एका दारात एक म्हातारी उशीवर टाचण्या टोचून सुताची जाळी विणत होती. तिची बोटे पाहत मी क्षणभर थांबले. मान वर केली तर हे नाहीत. उजवीकडे धावले, तर बोळ संपून पाणी. डावीकडे धावले, तर पूल, आणि पुलापलीकडे तीन बोळ.

आधी मी रागावले. मग घाबरले. तिकिटे, पासपोर्ट, उरलेले पैसे, सगळे ह्यांच्या कोटात. सिन्योरेच्या बोळाचे नाव मला माहीत नाही. बोट संध्याकाळी सुटणार, पुढची कधी ते देव जाणे. आणि मी एका विहिरीच्या कठड्यावर बसलेली. हरवलेल्या बाईला हो, पाव आणि पुरे या तीन शब्दांचा काय उपयोग?

बायका जमल्या. एकीने पाठीवरून हात फिरवला. घसा इतका सुकला होता की चुकून "पाणी" म्हटले गेले, आणि लगेच माझ्या हातात पाव आला! तेवढ्यात उंच टोपीचा एक पोलीस आला. त्याने माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बोट केले आणि विचारले, "मारितो?"

मी चमकले. मी इतक्या लांबची, या लोकांना माझ्या घरची चौकशी कशाला? "नाही, नाही!" मी म्हटले.

"नो?" पोलीस म्हणाला. "मारितो, नो?"

"कधीच नाही!" मी ठणकावून सांगितले. "बोटसुद्धा लावलं नाही आजवर!" बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि माझी कीव करू लागल्या. मारितो म्हणजे नवरा, आणि मी चारचौघांत आपल्याला नवराच नाही असे सांगत बसले होते, हे मागाहून कळले. मग पोलिसाने छातीवर हात ठेवून "नोमे?" असे विचारले. ते मात्र मी ओळखले. नाव विचारतो आहे. पण कोणाचे? ह्यांचे नाव तर मी उखाण्याखेरीज कधी घेतले नव्हते. आणि पोलिसाला काय उखाणा घालायचा?

तो बिचारा भला होता. पुढे होऊन त्याने मला मोठ्या कालव्याच्या काठी आणले, चौकीकडे नेण्यासाठी असावे. आणि समोर, पलीकडच्या काठावर, मला ह्यांची काळी टोपी दिसली! हे धक्क्यावर उभे होते, इकडे पाठ करून, आणि वाफेची लहान बोट धक्क्याला लागत होती. लोक चढू लागले होते. हे मला शोधायला आणखी कुठे तरी निघाले होते.

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "अहोऽऽ!"

कालव्यातल्या दोन नावाड्यांनी तितक्याच जोराने "आओऽऽ!" म्हणून जबाब दिला. हे हलले नाहीत. मी पुन्हा ओरडले. आता चार नावाडी ओरडले. ह्यांनी वैतागून कानावर हात ठेवलेला मी पाहिला, आणि एक पाय बोटीच्या फळीवर टाकलेलाही पाहिला.

मग मी नाव घेतले. नुसते नाव. पुढे राव नाही, पंत नाही, मागे उखाण्याची ओळ नाही. बारशाला ठेवले तेवढेच. एकदा घेतले आणि भीती गेली, म्हणून दुसऱ्यांदा आणखी मोठ्याने घेतले. ते नाव मी येथे लिहिणार नाही, तेवढे वाचकांनी सोडून द्यावे.

हे गर्रकन वळले. फळीवरचा पाय निसटला आणि पाण्यातच जायचे, पण मागच्या माणसाने कोट धरला. मला पाहिले, आणि दोन्ही हात वर करून लहान पोरासारखे नाचवू लागले. तरीच्या नावाड्याने सगळे पाहिले होते. त्याने मला हात धरून नावेत घेतले, बसायला फळी पुसून दिली आणि एकटीलाच पलीकडे सोडले. नाणे काही केल्या घेतले नाही.

ह्यांनी मला वर ओढून घेतले आणि भर धक्क्यावर हात धरून ठेवला. डोळे तांबडे झाले होते. मग म्हणाले, "केवढ्यांदा ओरडलीस!"

"ऐकू येत नव्हतं ना तुम्हाला."

"तू पुढं हो," हे म्हणाले. सिन्योरेचे घर येईपर्यंत मी पुढे आणि हे मागे असे चाललो. वाटेत पोलिसाची हकीकत सांगितली, तेव्हा ह्यांना चालता येईना इतके हसू लोटले.

बोट मिळाली. माझा घसा मात्र असा बसला की एडन येईपर्यंत मी खुणांनीच बोलत होते. डेकवर पडल्यापडल्या वाटायचे, खिशात पैसे असते तर आम्ही ऐटीत गोंडोल्यात शेजारी शेजारी बसून व्हेनिस पाहिले असते, चुकलो नसतो, आणि चार पोस्टकार्डे घेऊन परतलो असतो. नऊवारी नेसून त्या शहरात पायी भटकले याचा मला मुळीच पस्तावा नाही. माझ्या आवाजात एवढा जोर आहे, हे तरी मला कळले.

सोलापूरला पोचलो त्या रात्री सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्या वैरागच्या, बोलणे रोखठोक. मी भाकरी थापत होते आणि हे पाटावर बसले होते. सासूबाईंनी विचारले, "एवढ्या लांब गेलीस, तितं कुटं चुकली-बिकली न्हाईस न्हवं?"

मी भाकरी तव्यावर टाकली. काय सांगावे? एवढ्यात हे म्हणाले, "ती न्हाई, आई. मीच चुकलो व्हतो. हिनं हाक मारली म्हून सापडलो."

"हाक मारली? काय म्हून?"

"अहो म्हून. दुसरं काय म्हननार?"

"मंग बरं हाय," सासूबाई म्हणाल्या आणि सुपारी कातरू लागल्या. ह्यांना इतके सरळ खोटे बोलता येते हे मला ठाऊक नव्हते. मला फार फार बरे वाटले. भाकरी वाढताना मी ह्यांच्याकडे पाहिले, तर हे खाली मान घालून जेवत होते आणि कान लालबुंद झाले होते.